टॅटू काढताना सुई नवी होती, पण हातमोजे कशाकशाला लागले?

निळीशाई

स्टुडिओत नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सुई नवीनच वापरता ना?" मी हो म्हणतो आणि बंद पाकीट त्यांच्या हातात देतो. त्यावरची मुदतीची तारीख, लॉट नंबर, एथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केल्याची खूण हे सगळं बोट ठेवून दाखवतो आणि त्यांच्यासमोरच पाकीट फोडतो. त्यांचं समाधान होतं आणि ते निवांत फोन बघत बसतात. खरं तर तिथून पुढे बघायला हवं. म्हणून हा धागा.

मी कोल्हापुरात टॅटू काढतो, लहानसा स्टुडिओ आहे. शहरातल्या बऱ्या स्टुडिओंमध्ये तीच सुई दुसऱ्याला वापरण्याचा प्रकार आता फारसा उरलेला नाही. एकदा वापरून फेकायचं कार्ट्रिज, म्हणजे सुया बसवलेली छोटी नळी, तसं स्वस्त मिळतं, त्यात पैसे वाचवायला जाणारा माणूस धंद्यात टिकत नाही. पण सुई नवी आहे म्हणून काम स्वच्छ झालं, हे मला मान्य नाही. सुई त्वचेत गेली की रक्त आणि पाण्यासारखा स्राव वर येतो, तो आपण टिश्यूने पुसतो. त्या क्षणापासून आपला हात खरकटा झाला. जेवताना खरकट्या हाताने आपण लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही, हे घरात लहानपणी शिकवलेलं असतं. स्टुडिओत मात्र त्याच हाताने दिवा सरकवला जातो, फोनवरचं चित्र मोठं करून बघितलं जातं, शाई कमी पडली की बाटली उचलली जाते. मग ते गिऱ्हाईक जातं, हातमोजे कचऱ्यात जातात आणि दिवा, फोन, बाटली पुढच्या माणसासाठी तशीच राहते.

लोक एचआयव्हीला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या धंद्यात मला जास्त काळजी वाटते ती हिपॅटायटीस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची. या आजाराचा विषाणू वाळलेल्या रक्तात, साध्या पृष्ठभागावर, किमान 7 दिवस तग धरतो. डाग दिसायला हवा असंही नाही. न्यूयॉर्क शहरात 1961 पासून 1997 पर्यंत टॅटूवर बंदी होती आणि त्यासाठी दिलेलं कारण हिपॅटायटीस बी हेच होतं. आपल्याकडे याची लस देशभरातल्या बाळांच्या लसीकरणात आली 2011 च्या सुमारास. म्हणजे आज स्टुडिओत येणाऱ्या बहुतेकांनी, आणि सुई चालवणाऱ्या बहुतेकांनी, ती लहानपणी घेतलेली नसते.

आमच्याकडे नवीन मुलगा किंवा मुलगी शिकायला आली की एक सराव करायला लावतो. जोतिबाचा गुलाल आमच्या गावात बारा महिने मिळतो. सरावाच्या रबरी कातडीवर थोडं व्हॅसलिन लावायचं, त्यावर गुलाल भुरभुरवायचा आणि म्हणायचं, हे रक्त समज आणि नेहमीसारखं अर्धा तास काम कर. मशीन चालू करायचं, शाई बुडवायची, पुसायचं, सगळं नेहमीसारखं. काम झालं की खोलीतले सगळे दिवे लावायचे आणि गुलाल कुठे कुठे गेला ते बघायचं.

मशीनवर, केबलवर आणि पुसायच्या पाण्याच्या बाटलीवर तो असणारच. पण दिव्याच्या मानेवरही असतो. खुर्ची वरखाली करायच्या दांड्याच्या खालच्या बाजूला असतो, जिथे पुसताना फडकं कधीच पोचत नाही. फोनच्या कडेला, पॉवर सप्लायच्या गोल बटणावर, ड्रॉवरच्या मुठीच्या आतल्या बाजूला, स्वतःच्या मास्कच्या नाकावरच्या पट्टीवर असतो. एका मुलीच्या चष्म्याच्या काडीवर होता, तिला शेवटपर्यंत आठवेना की चष्मा कधी वर केला. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे टिश्यूचा रोल. खरकट्या बोटांनी एक कागद ओढला की खालच्या थरालाही रंग लागतो. तोच कागद पुढच्या माणसाच्या उघड्या जखमेवर जाणार असतो.

मग दुसऱ्यांदा तेच काम, पण आधी मांडामांड करून. लागतील त्यापेक्षा जास्त टिश्यू आधीच घड्या घालून वेगळे काढायचे. शाई छोट्या कपांत आधीच ओतून घ्यायची, थोडी जास्तच, उरली तर फेकायची, बाटलीत परत कधीच नाही. व्हॅसलिन डबीतून लाकडी पट्टीने काढून ठेवायचं. मशीनला पिशवी, केबलला बाही, बाटलीला पिशवी, दिव्याच्या मुठीला आणि खुर्चीच्या दांड्याला चिकट फिल्म. संदर्भाचं चित्र कागदावर छापून समोर चिकटवायचं म्हणजे फोनची गरजच संपते. एवढं करून गुलाल पुन्हा बघितला की तो बहुतेक फिल्मवर असतो आणि फिल्म शेवटी सोलून टाकायची असते. मधेच काही लागलं तर हातमोजे काढायचे, हात धुवायचे, वस्तू घ्यायची, नवीन हातमोजे घालायचे. याला तीन-चार मिनिटं जातात. ती द्यायची.

मला आता गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर लावायला एक पान तयार करायचंय, की बसल्या बसल्या तुम्ही काय बघावं आणि कशावर आम्हाला टोकावं. इथे वेगवेगळ्या क्षेत्रातली मंडळी आहेत. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

---

सूक्ष्मदर्शक

चांगला धागा. मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गुलालाचा सराव फार आवडला. आमच्याकडे हेच अतिनील दिव्याखाली चमकणारं जेल वापरून करतात, पण गुलाल कुठेही मिळतो.

माझी भर उपकरणांबद्दल. बऱ्याच पार्लरमध्ये आणि स्टुडिओत निळा दिवा लागणारी काचेची पेटी असते आणि तिला सर्रास "स्टरलायझर" म्हणतात. त्या पेटीत काहीही निर्जंतुक होत नाही. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथेच थोडंफार काम करतात. चिमट्याच्या दातांमध्ये, नळीच्या आत, वस्तूच्या खालच्या बाजूला सावली असते. आधीच निर्जंतुक केलेली वस्तू ठेवायला ती पेटी वापरा हवी तर, त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नका. पाण्यात उकळणंही पुरेसं नाही, जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं कठीण कवचातलं सुप्त रूप, 100 अंशांना मरत नाहीत.

धातूची ग्रिप (मशीन धरायची मूठ), छेदन करायचे चिमटे असं पुन्हा वापरायचं काही असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र हवं. आधी घासून, शक्यतो अल्ट्रासॉनिक टाकीतून काढून, स्वच्छ करायचं, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही. मग पाउचमध्ये, म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या सीलबंद पिशवीत, भरून वाफेखाली. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाउचमधल्या वस्तूंना 121 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं. आत पोकळ असलेली ग्रिप असेल तर आधी हवा खेचून काढणारं, म्हणजे बी वर्गाचं यंत्र लागतं. स्वस्तातल्या एन वर्गाच्या यंत्रात नळीच्या आत हवा अडकून राहते आणि वाफ तिथे जातच नाही.

पाउचवरची पट्टी रंग बदलते म्हणजे आतली वस्तू निर्जंतुक झाली असं नाही. पट्टी एवढंच सांगते की पाउच गरम वाफेत होता. खरी परीक्षा बीजाणूंच्या चाचणीची, म्हणजे स्पोअर टेस्टची. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असलेली पट्टी निर्जंतुक करायच्या वस्तूंसोबत आत ठेवायची, नंतर उबवून बघायचं काही वाढतंय का. सोबत एक पट्टी न शिजवता ठेवायची, ती वाढलीच पाहिजे, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. "तुमची शेवटची स्पोअर टेस्ट कधी झाली आणि नोंद कुठे आहे?" हा प्रश्न भिंतीवरच्या पानात नक्की घाला.

---

निळीशाई

@सूक्ष्मदर्शक, मनापासून आभार ताई. स्पोअर टेस्टचा प्रश्न घालतोच. आम्ही धातूच्या ग्रिप बंद केल्या, सगळं एकदाच वापरायचं ठेवलंय. त्याचं एक कारण आमचा पावसाळा. जुलैमध्ये इथे पाउच ठेवलेलं कपाटसुद्धा दमट होतं आणि ओल लागलेला पाउच निर्जंतुक धरता येत नाही. शिवाय मधेच वीज गेली की चक्र पहिल्यापासून.

कार्ट्रिज घेतानाही एक बघावं लागतं, आत मेंब्रेन आहे का. ती पातळ रबरी पडदी नसेल तर शाई आणि रक्त मागे सरकून ग्रिपमध्ये आणि मशीनच्या तोंडात जातं. मग पुढच्या माणसाचं कार्ट्रिज कितीही नवं असलं तरी बसणार कुठे? त्याच मशीनच्या तोंडात.

---

रानजाई

टॅटूचा विषय आहे, पण विचारते. लेकीचे कान टोचायचे आहेत, वय 8. सासूबाई म्हणतात आपल्या नेहमीच्या सोनाराकडे जाऊ, तो सोन्याच्या तारेने टोचतो, आमची सगळ्यांची त्याच्याचकडे झाली. मैत्रीण म्हणते मॉलमध्ये बंदुकीने टोचतात ते स्वच्छ. कुणाचं ऐकू?

---

सूक्ष्मदर्शक

@रानजाई, बंदुकीच्या बाबतीत मी ठाम नाही म्हणेन. तिचा सांगाडा बहुधा प्लास्टिकचा असतो, तो ऑटोक्लेव्हमध्ये वितळतो, म्हणजे नीट निर्जंतुक करण्याचा मार्गच बंद. स्पिरिटने पुसतात एवढंच. शिवाय ती बोथट टोकाचं कानातलं जोराने आरपार ढकलते. पाळीला एकवेळ चालून जातं, वरच्या कडक भागाला, म्हणजे कूर्चेला, मात्र ती चेचून टाकते. कूर्चेला रक्तपुरवठा आधीच कमी, तिथे स्युडोमोनास जिवाणू घुसला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 2000 साली एका दागिन्यांच्या ठेल्यावर असंच झालं. कानाच्या वरच्या भागात टोचून घेतलेल्या 7 जणांना स्युडोमोनासचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं. तपासात तो जिवाणू सापडला जंतुनाशकाच्या फवारणीच्या बाटलीत. ज्या बाटलीने स्वच्छता करायची तीच दूषित होती. म्हणून बाटलीतलं द्रावण संपत आलं की त्यातच वरून भर घालायची नाही. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मग भरायची आणि तारीख लिहायची. टॅटूवाल्यांच्या ग्रीन सोपच्या (त्वचा पुसायच्या साबणाच्या) बाटलीलाही हेच लागू.

सोनारांचा हात चांगला असतो, तो भाग वेगळा. पण तार कशाने निर्जंतुक केली आणि हात धुतले का, हे विचारा. शक्य असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, अनेक दवाखान्यांत निर्जंतुक सुईने टोचून देतात. लेकीचे हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताचे डोस पूर्ण आहेत ना ते कार्डावर बघून घ्या.

---

रानजाई

कार्ड काढून बघितलं, दोन्ही पूर्ण आहेत. दवाखान्यातच नेते. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या सोनाराला निदान कानातलं तरी करायला सांग.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. इथे सीझनला किनाऱ्यावर टॅटू काढून घ्यायची हौस लोकांना फार. दोन दिवसांची सुट्टी, पहिल्या दिवशी टॅटू आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात. मी पाच-सहा स्टुडिओंना सामान पुरवतो. त्यातले काही अतिशय काटेकोर आहेत, रुग्णालयाने शिकावं असे. पण त्या कलाकाराने कितीही जपलं तरी गिऱ्हाईक ताजी जखम घेऊन खाऱ्या पाण्यात उतरलं की सगळं संपलं.

2017 साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक नोंद छापून आली होती. 31 वर्षांचा माणूस, पायावर नवा टॅटू, 5 दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा कोमट खाऱ्या पाण्यात राहणारा जिवाणू जखमेतून आत गेला. त्याला दारूमुळे यकृताचा जुना आजार होता, अशा माणसात हा जिवाणू फार वेगाने पसरतो. दोनेक महिने झुंज दिली, वाचला नाही.

आमच्याकडचं पाणीही कोमट आणि सुट्टीत दारूही असतेच. म्हणून मी सगळ्या स्टुडिओंना सांगतो, गिऱ्हाईक समुद्रात जाणार असेल तर टॅटू सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काढा. खपली पूर्ण पडून त्वचा बंद होईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, समुद्र, तलाव, नदी सगळं बंद. काही जण ऐकतात. काही म्हणतात, गिऱ्हाईक शेजारी जाईल.

---

काटकसर

सगळं पटतंय, पण एक बाजू मांडतो. हे एसी स्टुडिओचं बोलणं झालं. जत्रेत, आठवडी बाजारात बसून गोंदणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. हातावर नाव गोंदायला शंभर-दीडशे रुपये घेतात. पूर्वी सुया बांधून हाताने गोंदायचे, आता बॅटरीवरचं मशीन आहे. त्यांना बी वर्गाचा ऑटोक्लेव्ह सांगून काय उपयोग? उद्या कुणी नियम केला तर पहिला फटका त्यांना. आणि गोंदवून घेणारेही तेच गरीब लोक, त्यांना तुमच्या स्टुडिओचे दर परवडत नाहीत.

---

निळीशाई

@काटकसर, हा मुद्दा आला हे बरं झालं. त्यांच्या पोटावर पाय येऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. माझ्या आजीच्या हातावरची तुळस अशाच एका बाईने गोंदलेली होती. पण गरीब माणसाच्या रक्ताला कमी जपायचं, हे मला चालणार नाही. जत्रेत एका वाटीतली शाई सगळ्यांना, एका फडक्याने सगळ्यांचं रक्त पुसायचं आणि तीच सुई पाण्यात बुचकळून पुढच्याला, हे मी स्वतः उभं राहून बघितलंय, तेही एकाच मशीनसमोर रांगेत उभ्या असलेल्या शाळकरी मुलांच्या हातावर.

त्यांना ऑटोक्लेव्ह लागत नाही. त्यांना लागतं प्रत्येक माणसाला नवं कार्ट्रिज, शाईचा छोटा कप (बाटलीचं झाकण नव्हे, कप), हातमोज्यांचा जोड, एकदा वापरून टाकायचे टिश्यू, मशीनला पिशवी आणि सुया टाकायला जाड प्लास्टिकचा डबा. घाऊक घेतलं तर एका माणसामागे याचा खर्च शंभरच्या आत बसतो. दर थोडा वाढेल हे खरं. पण त्यासाठी हे सामान त्यांच्यापर्यंत पोचायला हवं आणि कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं. नाशिकच्या सिंहस्थात असे कितीतरी गोंदणारे येतील. तिथे आरोग्य विभागाने लसीकरणाच्या तंबूशेजारी त्यांच्यासाठी एक टेबल मांडलं, सामान दिलं आणि डबे परत घेतले, तर नियम न करताही बरंच साधेल.

---

काटकसर

हे पटलं. शंभरच्या आत बसत असेल तर मी माझं म्हणणं मागे घेतो. आमच्या गावच्या जत्रेत दोन कुटुंबं दरवर्षी येतात, मी त्यांच्याशी बोलून बघतो. सामान कुठून घ्यायचं ते व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवाल का?

---

निळीशाई

व्यनि केलाय.

---

टाफकाठ

वेल्समधल्या कार्डिफला राहते, नवऱ्याचा भाऊ इथे टॅटू काढतो. इथे 29 नोव्हेंबर 2024 पासून टॅटू, शरीरछेदन, ॲक्युपंक्चर आणि इलेक्ट्रोलिसिस (विजेने केस काढणं) या चारही कामांना परवाना सक्तीचा झालाय. काम करणाऱ्याला स्वतःचा परवाना वेगळा, जागेला मान्यता वेगळी. परवान्याआधी संसर्ग रोखण्याचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सुरुवातीला दिराची चिडचिड व्हायची, एवढी वर्षं काम करतोय, आता परीक्षा कसली. पण अभ्यासक्रमात त्याला कळलं की तो पृष्ठभागावर जंतुनाशक मारून लगेच पुसायचा, तर बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहिलं नाही तर जंतू मरतच नाहीत. आता तो घड्याळ लावतो.

तिथे भारतात असं काही आहे का? म्हणजे कोणता विभाग बघतो?

---

सूक्ष्मदर्शक

@टाफकाठ, ओलं राहण्याचा वेळ हा फार मोलाचा मुद्दा. स्पिरिटचंही तसंच. लोकांना वाटतं 99 टक्के अल्कोहोल 70 पेक्षा जालीम. उलट आहे. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं आणि 99 टक्क्यांचं अल्कोहोल त्याआधीच उडून जातं.

रक्त सांडलं असेल तर आधी कागदाने टिपून घ्या, मग 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट, किमान 10 मिनिटं. बाजारात 5 टक्क्यांचं द्रावण मिळालं तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही. स्टीलला वापरू नका, गंजतं. आणि संडास साफ करायच्या ॲसिडशी ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

तुमच्या प्रश्नाबद्दल: आपल्याकडे 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. त्यात रुग्णालयं, दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, पशुवैद्यकीय संस्था, अगदी शाळेची प्रथमोपचार खोलीसुद्धा नावाने आहे. टॅटू स्टुडिओचं नाव त्या यादीत नाही. सुया मात्र त्याच, रक्त तेच.

---

निळीशाई

यावर खूप डोकं आपटलंय. सुया घंटागाडीत टाकायच्या नाहीत एवढं मनाशी पक्कं होतं, कारण तो कचरा पुढे कुणीतरी हाताने वेगळा करतं. शेवटी ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टरांनी मदत केली आणि सामायिक जैववैद्यकीय कचरा केंद्राकडे आमचीही नोंद झाली. त्यांची गाडी पांढरा डबा घेऊन जाते. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, कोंबायचा नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, बहुतेक टोचण्या तिथेच होतात. छोट्या गावातल्या कलाकारांनी जवळच्या दवाखान्याशी बोलून बघावं, बहुतेक डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

---

वाळूघड्याळ

शाईबद्दल कुणीच बोललं नाही? शाई दूषित असेल तर एवढं सगळं करून काय फायदा?

---

सूक्ष्मदर्शक

खरं आहे. 2011 च्या शेवटी न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर इथे एकाच कलाकाराकडच्या 19 जणांना टॅटूच्या जागी पुरळ उठलं आणि जाईना. सापडला मायकोबॅक्टेरियम किलोनी, क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पाण्यात राहणारा. त्या कलाकाराची स्वच्छता नीट होती. दोष निघाला कारखान्यात आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईत. असं पुरळ नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, त्यामुळे आठवडे जातात आणि लोक शाईची ॲलर्जी समजून मलमं लावत बसतात. राखाडी छटेच्या भागापुरतंच पुरळ असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना टॅटूची तारीख आणि शाई दोन्ही सांगा.

2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी बंद बाटल्यांतल्या शाईचे 75 नमुने तपासले, त्यात 26 नमुन्यांत जिवाणू निघाले. बाटलीवर "निर्जंतुक" लिहिलेलं असण्याने फार फरक पडला नव्हता. आपल्याकडे कर्नाटक सरकारने 2025 मध्ये शाईत जड धातू आढळल्यावर मानकं ठरवण्याची मागणी केंद्राकडे करायचं ठरवलं होतं.

---

निळीशाई

@वाळूघड्याळ, म्हणून कलाकाराने तीन गोष्टी कराव्यात. राखाडी छटा हवी असेल तर शाई नळाच्या किंवा बिसलेरीच्या पाण्याने पातळ करू नये. सीलबंद निर्जंतुक पाण्याची किंवा सलाइनची छोटी कुपी फोडावी, उरलेली टाकावी. बाटली उघडल्याची तारीख त्यावर लिहावी. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर शाईचा लॉट नंबर टिपावा. रॉचेस्टरला शाईपर्यंत माग काढता आला कारण कोणाला कोणती शाई गेली ते कळलं. आपल्याकडे हे लिहून ठेवणारे फार थोडे आहेत.

---

पाचवी_फेरी

नाव न सांगता विचारतोय. मागच्या वर्षी एका जत्रेत मित्रांबरोबर टॅटू काढला. वर ज्याचं वर्णन आहे अगदी तसंच, एकच सुई, एकच वाटी. हे वाचून झोप उडाली. आता काय करू?

---

सूक्ष्मदर्शक

@पाचवी_फेरी, घाबरू नका, पण टाळूही नका. वर्ष होऊन गेलंय म्हणजे आता तपासणीत जे असेल ते दिसेल, उत्तर पक्कं मिळेल. एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि हिपॅटायटीस सी या तीन चाचण्या करून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मोफत होते आणि गुप्त राहते. हिपॅटायटीससाठी जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. हिपॅटायटीस सी निघाला तरी आता बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. बी नसेल तर लगेच लस सुरू करा: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मित्रांनाही घेऊन जा.

टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करायचं नसतं, तेही लक्षात ठेवा.

आणि कुणाला आत्ता, ताजी टोचणी झाली असेल, म्हणजे कलाकाराला स्वतःला वापरलेली सुई लागली असेल, तर जखम पिळायची नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं जितक्या लवकर सुरू तितकी चांगली, शक्यतो 2 तासांत, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ती 28 दिवस घ्यावी लागतात.

---

पाचवी_फेरी

सोमवारी जातोय. आम्ही चौघे होतो, तिघांना फोन केला. एक नको म्हणतोय, त्याला समजावतो.

---

निळीशाई

@पाचवी_फेरी, नको म्हणणाऱ्याला माझा नंबर द्या, हवं तर मी बोलतो. व्यनि केलाय.

भिंतीवरचं पान आज लिहायला घेतलंय. त्यात सुईच्या पाकिटाला एकच ओळ ठेवली. बाकी सगळं असं आहे: टॅटू काढणाऱ्याचे हात बघा. त्याने हातमोजे घालून फोन उचलला, दिवा हलवला, दार उघडलं, नाक खाजवलं, तर त्याला थांबवा आणि हातमोजे बदलायला सांगा. तो चिडला तर उठून या, अर्धवट रेघ दुसरीकडे पूर्ण करता येते. फवारा थेट त्वचेवर मारत असेल तर कागदावर मारून पुसायला सांगा, तुषार हवेत उडतात. स्टेन्सिल (चित्राचा त्वचेवर उमटवायचा कागदी ठसा) चिकटवायला सगळ्यांना एकच डिओड्रंटची कांडी फिरवत असेल तर नको म्हणा.

@सूक्ष्मदर्शक ताई, एक शंका राहिली. आमच्या शिकाऊ मुलांचे हिपॅटायटीस बीचे तीन डोस झालेत. त्यापुढे काही करायचं असतं का?

---

सूक्ष्मदर्शक

हो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी तपासा, अँटी-एचबीएस नावाची चाचणी. 10 किंवा त्याहून जास्त आली तर प्रश्न मिटला. काही थोड्या लोकांच्या शरीरात लस लागूच होत नाही, त्यांना पुन्हा डोस द्यावे लागतात. ते न तपासता मुलं मी संरक्षित आहे असं धरून चालतात.

आणि हातमोजे लॅटेक्सचे असतील तर नायट्राइलचे घ्या. व्हॅसलिन लागलं की लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं, आणि तुमच्या कामात व्हॅसलिन सतत हाताला असतं.

---

निळीशाई

नायट्राइलच आहेत. चाचणी या आठवड्यात करून घेतो, तिघांची आणि माझीही. पान पूर्ण झालं की इथेच टाकतो, ज्याला हवं त्याने छापून आपापल्या गावच्या स्टुडिओत नेऊन द्यावं.